वेष बातमीचा, व्यवहार जाहिरातीचा

जाहिरातीविषयी ख्रिस्तसभेची भूमिका काय, असा प्रश्न कोणी विचारला तर आपल्यापैकी पुष्कळजण असे गृहीत धरतील, की ख्रिस्तसभेला जाहिरात मुळातच नापसंत असावी. वस्तुस्थिती तशी नाही. व्हॅटिकनच्या सामाजिक संपर्कविषयक परिषदेने फेब्रुवारी १९९७ मध्ये जाहिरातींमधील नीतिमूल्यांवर एक स्वतंत्र दस्तऐवज प्रसिद्ध केला. जाहिरात हे एक साधन आहे आणि त्याचे भलेबुरेपण ते वापरणाऱ्याच्या हाती असते, अशी त्याची भूमिका आहे. जाहिरातीमुळे ग्राहकाला माहिती मिळते, प्रामाणिक स्पर्धेला चालना मिळते, रोजगार वाढतो आणि वृत्तपत्रांना व नभोवाणीला आर्थिक आधार मिळतो, हेही त्यात मोकळेपणाने मान्य केले आहे. मात्र प्रत्येक जाहिरातीने तीन कसोट्यांना उतरावे, असा त्याचा आग्रह आहे. पहिली कसोटी सत्याची, दुसरी मानवी प्रतिष्ठेची आणि तिसरी सामाजिक जबाबदारीची.

या तीनपैकी पहिल्या कसोटीचा विचार येथे आम्हांला करावयाचा आहे. जाहिरातीतील उघड खोटेपणा आज ना उद्या पकडला जातो. साबणाने कपडे पांढरे होत नसतील तर ते दोन धुण्यांत कळते. त्याहून घातक असा एक खोटेपणा आहे, आणि तो जाहिरातीच्या शब्दांत नसतो. आपण जाहिरात आहोत हेच जी जाहिरात लपवून ठेवते, तिच्या वेषातच तो खोटेपणा असतो.

दुकानदार आपल्या मालाची स्तुती करतो तेव्हा ऐकणारा सोळा आण्यांतले चार आणे मनातल्या मनात वजा करून ऐकतो. तो विकणारा आहे आणि आपण घेणारे आहोत, याचे भान दोघांनाही असते. तीच स्तुती परिचारिकेच्या, पत्रकाराच्या, मित्राच्या किंवा धर्मगुरूंच्या तोंडून आली की ही वजाबाकी थांबते. आपण सोळा आणे विश्वास ठेवतो. आजच्या प्रसिद्धीच्या बाजारात खरी किंमत आहे ती या न वजा होणाऱ्या विश्वासाची. कागदावरची जागा आणि पडद्यावरचे क्षण ही केवळ निमित्ते आहेत. हा व्यवहार कसा चालतो आणि त्याची झळ कोणाला लागते, हे दोन प्रकरणांवरून पाहू.

परिचारिकेचा गणवेश

पहिले प्रकरण बालकांच्या दुधाच्या भुकटीचे आहे. विसाव्या शतकाच्या मध्यानंतर पाश्चात्त्य देशांत जन्मदर घटू लागला. दुधाची भुकटी बनवणाऱ्या कंपन्यांनी तेव्हा आफ्रिका, आशिया, लॅटिन अमेरिका आणि कॅरिबियन बेटांकडे आपला मोर्चा अधिक जोमाने वळवला. त्यासाठी वापरलेली एक पद्धत विशेष परिणामकारक ठरली. कंपनीच्या पगारी विक्रेत्या स्त्रिया परिचारिकेसारखा पांढरा गणवेश घालून प्रसूतिगृहांत आणि घरोघरी जात, नवमातांना बाळाच्या संगोपनाविषयी सल्ला देत आणि जाताना भुकटीच्या डब्याचा मोफत नमुना ठेवून येत. त्यांतील काही स्त्रिया खरोखरच प्रशिक्षित परिचारिका होत्या. तथापि त्यांचा पगार रुग्णालयाकडून येत नव्हता, आणि बाळंतिणीला याची कल्पना नसे.

पुढे काय होते हे वैद्यकशास्त्राला ठाऊक होते. बाळ अंगावर पीत नसले की आईचे दूध आटू लागते. मोफत डबा संपेपर्यंत परतीचा मार्ग बंद झालेला असतो आणि पुढचा डबा विकत घेणे भाग पडते. गरीब घरात तो डबा परवडत नाही, म्हणून भुकटी पाण्यात अधिकाधिक पातळ केली जाते. ते पाणी स्वच्छ नसते आणि ते उकळायला पुरेसे सरपण नसते. परिणामी अतिसार, कुपोषण आणि अनेकदा मृत्यू. सिसली विल्यम्स या बालरोगतज्ज्ञ महिलेने १९३९ सालीच सिंगापूर येथील रोटरी क्लबमधील भाषणात या विपणनाला हत्येची उपमा दिली होती. तिचे म्हणणे जगाच्या कानांवर पडायला आणखी पस्तीस वर्षे जावी लागली. १९७४ मध्ये ‘वॉर ऑन वॉन्ट’ या ब्रिटिश संस्थेने या विषयावर पुस्तिका काढली आणि वादाला तोंड फुटले.

या लढ्यात आपल्या ख्रिस्तसभेतील धर्मभगिनींचाही एक अध्याय आहे, तो आपल्याकडे फारसा ठाऊक नाही. अमेरिकेतील ‘सिस्टर्स ऑफ द प्रेशस ब्लड’ या संस्थेकडे ब्रिस्टल-मायर्स या कंपनीचे काही समभाग होते. भागधारक या नात्याने या भगिनींनी कंपनीला विचारले, की गरीब देशांत आपण दुधाची भुकटी कोणत्या पद्धतीने विकता? कंपनीने भागधारकांना दिलेले उत्तर दिशाभूल करणारे आहे अशी त्यांची खात्री झाल्यावर १९७६ मध्ये त्यांनी न्यायालयात दावा लावला. कनिष्ठ न्यायालयाने तो फेटाळला, पण त्यांनी माघार घेतली नाही. अखेर १९७८ साली समझोता झाला आणि भगिनींनी गोळा केलेले पुरावे कंपनीच्या म्हणण्याबरोबर सर्व भागधारकांपुढे ठेवले गेले. मोर्चे किंवा घोषणा हा त्यांचा मार्ग नव्हता. विकणारा कोण आहे हे उघडपणे सांगा, एवढाच त्यांचा आग्रह होता.

याच सुमारास नेस्ले या सर्वांत मोठ्या कंपनीने अवलंबलेला जनसंपर्काचा मार्गही अभ्यासण्याजोगा आहे. त्या ब्रिटिश पुस्तिकेचा जर्मन अनुवाद स्वित्झर्लंडमधील एका छोट्या गटाने अधिक जहाल मथळ्याखाली छापला, तेव्हा कंपनीने त्या गटावर बदनामीचा खटला भरला. १९७६ मध्ये बर्नच्या न्यायालयाने कंपनीच्या बाजूने निकाल दिला. परंतु शिक्षा झाली ती प्रत्येकी ३०० फ्रँक दंडाची, आणि त्याच वेळी कंपनीने आपल्या प्रसिद्धीच्या पद्धतींचा मुळापासून पुनर्विचार करावा, असे न्यायाधीशांनी बजावले. खटला जिंकूनही प्रतिष्ठा गेली. खटल्यामुळे ज्यांनी त्या पुस्तिकेचे नावही ऐकले नव्हते अशांनाही ती ठाऊक झाली. १९७७ मध्ये अमेरिकेत बहिष्काराची चळवळ सुरू झाली. मे १९८१ मध्ये जागतिक आरोग्य परिषदेने दुग्धपर्यायांच्या विपणनाची संहिता ११८ विरुद्ध १ अशा मतांनी संमत केली. विरोधी मत एकट्या अमेरिकेचे होते. १९८२ मध्ये नेस्लेने अमेरिकेचे माजी परराष्ट्रमंत्री एडमंड मस्की यांच्या अध्यक्षतेखाली तक्रारी तपासणारा आयोग नेमला, तेव्हा कोठे वातावरण निवळू लागले आणि १९८४ मध्ये बहिष्कार स्थगित झाला. संहितेचे पालन होत नाही अशा आरोपावरून १९८८ मध्ये तो पुन्हा पुकारण्यात आला. वर्तन बदलल्याची ग्वाही पटते तोवरच जनसंपर्काला अर्थ राहतो, हे या इतिहासातून दिसते.

भारताने या प्रकरणातून घेतलेला धडा अभिमानास्पद म्हणावा लागेल. १९९२ च्या कायद्याने आपल्या देशात शिशुदुग्धपर्याय आणि दुधाच्या बाटल्या यांच्या जाहिरातीला बंदी घातली. मातांना मोफत नमुने देता येत नाहीत आणि डब्यावर गुटगुटीत बाळाचे चित्र छापता येत नाही. २००३ च्या दुरुस्तीने आरोग्यसेवकांना लाभ देणे आणि त्यांच्या परिषदांना कंपन्यांनी पैसा पुरवणे यांवरही बंधन आले. भुकटीच्या विक्रीला मात्र कायद्याने बंदी केलेली नाही, कारण काही बालकांना तिची खरोखर गरज असते. विक्रेत्याने वैद्याचा वेष घेऊ नये, एवढेच कायदा सांगतो.

बातमीचा रकाना

दुसरे प्रकरण आपल्या महाराष्ट्रातील आहे, आणि तेथे उसना घेतलेला वेष पत्रकाराचा होता. ऑक्टोबर २००९ मध्ये विधानसभेची निवडणूक झाली. प्रचाराच्या दिवसांत अनेक वृत्तपत्रांतून काही उमेदवारांची पानेच्या पाने स्तुती प्रसिद्ध होत होती. कोठेही ‘जाहिरात’ असा शब्द नव्हता. ज्येष्ठ पत्रकार पी. साईनाथ यांनी ‘द हिंदू’ या दैनिकातून या प्रकारावर प्रकाश टाकला. तत्कालीन मुख्यमंत्री अशोक चव्हाण यांच्याविषयीचा एकच मजकूर एकमेकांच्या स्पर्धेत असलेल्या तीन मराठी दैनिकांत अक्षरशः जसाच्या तसा छापून आल्याचे त्यांनी दाखवून दिले. तीन वार्ताहरांना एकाच वेळी तेच शब्द सुचावेत, हे कोणाच्याही बुद्धीला पटणारे नव्हते. चव्हाण यांनी निवडणूक खर्चाच्या हिशेबात वृत्तपत्रीय जाहिरातींवर केवळ ५,३७९ रुपये दाखवले होते.

या प्रकरणाचा न्यायालयीन शेवट वाचकांपुढे ठेवणे आमचे कर्तव्य आहे. मे २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, उमेदवाराने दिलेल्या खर्चाच्या खरेपणाची चौकशी करण्याचा निवडणूक आयोगाला अधिकार आहे, असा महत्त्वाचा निर्णय दिला. त्यानंतर आयोगाने चव्हाण यांच्या विरोधात दिलेला आदेश दिल्ली उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१४ मध्ये रद्द ठरवला. हे आरोप त्यांना कधीच मान्य नव्हते. अशा प्रकरणात अपात्र ठरलेल्या पहिल्या आमदार उत्तर प्रदेशातील उमलेश यादव होत. त्यांच्यावर आयोगाने २०११ मध्ये कारवाई केली. न्यायालयात पुरावा टिकवणे किती अवघड असते, ते या दोन उदाहरणांवरून कळते. देणारा व घेणारा दोघेही गप्प राहतात, पैसा रोखीने हातोहात जातो आणि पावती कोठेच नसते.

भारतीय वृत्तपत्र परिषदेने नेमलेल्या परंजय गुहा ठाकुरता आणि के. श्रीनिवास रेड्डी यांच्या उपसमितीने या व्यवहाराची सविस्तर चौकशी केली. उमेदवारांपुढे दरपत्रके ठेवली जात होती आणि स्तुतीचे वेगळे, मौनाचे वेगळे असे भाव होते, अशी माहिती पुढे आली. जुलै २०१० मध्ये परिषदेने संक्षिप्त अहवाल स्वीकारला आणि नावानिशी लिहिलेला मूळ अहवाल बाजूला ठेवला. तो जनतेपुढे यायला २०११ मध्ये केंद्रीय माहिती आयोगाचा आदेश लागला. इतरांचे झाकलेले उघड करणे हे ज्यांचे व्रत, त्यांनीच आपले झाकून ठेवावे, हे विपरीतच म्हणावे लागेल.

अशा एका व्यवहारात फसवणूक तिहेरी होते. बातमी समजून वाचणारा वाचक फसतो. खर्चाला मर्यादा घालणारा निवडणुकीचा कायदा फसतो, कारण उमेदवाराचा खरा खर्च हिशेबात येत नाही. वृत्तपत्राचे उत्पन्न नोंदीबाहेर राहिल्याने सरकारी तिजोरीही फसते. या तिघांपलीकडे आणखी एकाची हानी होते आणि तिचा उल्लेख क्वचितच होतो. ज्याच्यापाशी पैसा नाही असा प्रामाणिक उमेदवार वाचकांच्या लेखी निवडणुकीत उभाच नसतो. त्याची बातमी येत नाही, म्हणून तो अस्तित्वातच नाही.

हा रोग २००९ साली एकाएकी उद्भवला नव्हता. देशातील सर्वांत मोठ्या वृत्तपत्रसमूहाने २००३ मध्ये आपल्या शहरी पुरवण्यांतील मजकुरासाठी पैसे आकारण्याची योजना सुरू केली होती. पुढे कंपन्यांना प्रसिद्धी द्यायची आणि त्या बदल्यात त्यांचे समभाग घ्यायचे असेही करार होऊ लागले. ज्या कंपनीत आपला पैसा गुंतला आहे तिच्याविषयी वृत्तपत्र निर्भीडपणे लिहील का, हा प्रश्न रास्त होता. करमणुकीच्या पानावर रुळलेली सवय राजकारणाच्या पानावर यायला फार काळ लागला नाही.

मालकांकडे बोट दाखवताना वाचकांचा वाटाही विसरता येणार नाही. घरी येणाऱ्या दैनिकाला आपण जी किंमत देतो तिच्यातून बहुधा त्याच्या कागदाचा व छपाईचाही खर्च निघत नाही. उरलेला सगळा भार जाहिरातदार उचलतो. वृत्तपत्र स्वस्त हवे, जाड हवे आणि निर्भीडही हवे, या तीन अपेक्षा एकत्र नांदणे कठीण आहे. ज्याच्या पैशावर घर चालते त्याचा शब्द घरात चालतो, हे संसारी माणसाला वेगळे सांगायला नको.

मोबाईलवरचा मित्र

आज गणवेश आणि रकाना या दोन्हींची जागा मोबाईलच्या पडद्याने घेतली आहे. येथे विश्वास उसना घेतला जातो तो मैत्रीचा. एखादी तरुणी आपल्या स्वयंपाकघरात उभी राहून, आपुलकीच्या सुरात, कोणते तेल, कोणती गोळी, कोणती गुंतवणूक आपल्याला लाभली हे सांगते. ऐकणाऱ्याला ती शेजारीण वाटते. तिला त्या बोलण्याचे पैसे मिळाले आहेत का, हे मात्र पुष्कळदा कळत नाही.

याविषयी नियम झालेले आहेत आणि ते आपल्याला माहीत असावेत. भारतीय जाहिरात मानक परिषदेने २०२१ मध्ये, मोबदला घेऊन केलेल्या अशा सादरीकरणावर ‘जाहिरात’ असा स्पष्ट शिक्का असावा, अशी मार्गदर्शक तत्त्वे लागू केली. जानेवारी २०२३ मध्ये केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागानेही तशाच सूचना दिल्या. त्यानुसार रोख पैसाच नव्हे, तर मोफत वस्तू, फुकट प्रवास वा सवलत मिळाली असली तरी ती उघड करावी लागते. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ अन्वये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी दहा लाख रुपयांपर्यंत आणि पुन्हा अपराध घडल्यास पन्नास लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. कायदा आहे, परंतु दररोज हजारोंनी येणाऱ्या चित्रफितींवर कोणती यंत्रणा नजर ठेवू शकेल? अखेरचा पहारा पाहणाऱ्यालाच करावा लागणार.

दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१८ सालच्या जागतिक संपर्क दिनाच्या संदेशात खोट्या बातम्यांचा विचार करताना उत्पत्तीच्या पुस्तकातील सर्पाचे उदाहरण घेतले होते. तो सर्प शत्रू म्हणून आला नाही. हव्वेच्या कल्याणाची काळजी वाहणारा हितचिंतक म्हणून आला, आणि त्याच्या बोलण्यात सत्याचा एक धागाही गुंफलेला होता. प्रभू येशूनेही मेंढरांच्या वेषात येणाऱ्यांपासून सावध राहण्यास सांगितले, ते याच कारणाने. लांडगा लांडग्यासारखा आला तर मेंढपाळ जागा होतो.

आपल्या अंगणात

इतरांचे दोष दाखवून थांबणे ख्रिस्ती माणसाला शोभत नाही. आपल्या धर्मग्रामांतूनही प्रसिद्धीचे व्यवहार होतात. सणाच्या स्मरणिका निघतात, क्रीडास्पर्धांना प्रायोजक लागतात, मंदिराच्या आवारात फलक लागतात. यात गैर काही नाही. स्मरणिकेतील जाहिरातीच्या पैशातून एखाद्या गरजू मुलाचे शिक्षण होत असेल तर ते पुण्यकर्मच आहे. प्रश्न आहे तो वेषाचा. जाहिरात जाहिरातीच्या पानावर असावी. तीच जर लेखाच्या रूपाने, सत्काराच्या रूपाने किंवा मिस्साबलिदानानंतरच्या सूचनांमधून येऊ लागली, तर आपण वेदीचा विश्वास भाड्याने दिल्यासारखे होईल.

हे केवळ तत्त्वाचे बोलणे नव्हे. आपल्या वसई तालुक्यातील नालासोपारा येथे न्यायालयाच्या आदेशानुसार २०२५ च्या प्रारंभापर्यंत ४१ अनधिकृत इमारती पाडण्यात आल्या आणि आयुष्याची पुंजी घालून घर घेतलेली कुटुंबे उघड्यावर आली. घर घेताना सामान्य माणूस कागदपत्रांपेक्षा ओळखीवर अधिक विसंबतो. म्हणून गृहप्रकल्पाची जाहिरात स्वीकारणाऱ्या प्रत्येक धर्मग्रामाने तीवर महारेराचा नोंदणी क्रमांक आहे की नाही, एवढे तरी पाहावे. नोंदणी आवश्यक असलेल्या प्रकल्पाच्या जाहिरातीत तो देणे २०१७ पासून बंधनकारक आहे आणि महारेराच्या संकेतस्थळावर कोणालाही तो पडताळून पाहता येतो. सणाच्या स्मरणिकेत छापले आहे म्हणजे खात्रीचे असणार, असे समजणाऱ्या भाविकाच्या विश्वासाचे आपण राखणदार आहोत.

निवडणुकांच्या काळात ही जबाबदारी वाढते. उमेदवाराने क्रिकेटचे साहित्य दिले, मंडपाचा खर्च उचलला आणि त्याबद्दल त्याचे छायाचित्र फलकावर झळकले, तर ती कृतज्ञता की प्रचार, हे पॅरिश कौन्सिलने स्वतःला विचारावे. वृत्तपत्रातील मजकुराविषयी शंका आल्यास निवडणूक काळात प्रत्येक जिल्ह्यात माध्यम प्रमाणन व संनियंत्रण समिती कार्यरत असते. तिच्याकडे कोणताही नागरिक लेखी तक्रार करू शकतो. दूरच्या त्या धर्मभगिनींनी मूठभर समभागांच्या बळावर एका बलाढ्य कंपनीला प्रश्न विचारला. आपल्या हाती तर मत आहे, पेन आहे आणि वर्गणी आहे.

दान करताना कर्णा वाजवू नये, या प्रभूच्या शिकवणुकीचा अर्थही या संदर्भात नव्याने ध्यानी घ्यावा लागेल. कंपन्यांच्या समाजसेवेची छायाचित्रे पाहून आपण नाक मुरडतो. आपल्या संस्थांनी गरिबाला धान्याची पिशवी देताना त्याचा चेहरा छापावा का, याचाही विचार व्हावा. त्या दस्तऐवजातील दुसरी कसोटी, मानवी प्रतिष्ठेची, नेमकी येथे लागू पडते. हिशेब जरूर प्रसिद्ध करावा, कारण देणगीदाराचा तो हक्क आहे. घेणाऱ्याचा चेहरा हा मात्र आपल्या प्रसिद्धीचा माल नव्हे.

यापुढे कोणतीही बातमी, सल्ला वा शिफारस वाचताना आपण स्वतःला एकच साधा प्रश्न विचारण्याची सवय लावून घ्यावी: हे सांगणाऱ्याला याचे पैसे कोण देतो? घरात मुलांनाही हा प्रश्न विचारायला शिकवावे, आणि छोट्या ख्रिस्ती समूहाच्या बैठकीत एखाद्या संध्याकाळी त्यावर चर्चा करावी. उत्तर सरळ मिळाले तर जाहिरातीलाही भिण्याचे कारण नाही. ज्याने उत्तर देण्याचे टाळले, त्याचा माल मात्र पारखून घ्यावा.